एका लिटरचे दोन भाव

संकलन केंद्रावर मिळणाऱ्या गायीच्या दुधाच्या पावतीवर चार आकडे महत्त्वाचे असतात: लिटर, फॅट म्हणजे स्निग्धांश, एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक, आणि दर. कॅनमधलं दूध ढवळून त्यातलं थोडं यंत्राच्या बारीक नळीखाली धरलं जातं, यंत्र ते आत ओढून घेतं आणि मिनिटभरात पडद्यावर ३.६ आणि ८.४ असे काही आकडे उमटतात. लिटर किती ते शेतकऱ्याला घरून निघतानाच ठाऊक असतं. त्याची नजर असते मधल्या दोन आकड्यांवर, कारण दर त्यांच्यावरून निघतो. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही महाराष्ट्रात गायीच्या दुधाची दरासाठी धरलेली पातळी. त्याखाली एक पॉइंट उतरला, म्हणजे दशांश चिन्हानंतरचा आकडा एकाने घसरला, की दर तुटतो.

हे दोन आकडे मला फार विलक्षण वाटतात. त्यांचं एक टोक गायीच्या पोटात असतं आणि दुसरं न्यूझीलंडच्या दुधाच्या लिलावात. दोन्हीकडे जाऊन पाहिलं की दुधाचा दर असा का वागतो, ते बरंचसं उलगडतं.

सुरुवात पोटापासून करू. गाय दिवसभर कडबा खाते खरी, पण तो पचवण्याची ताकद तिच्या स्वतःच्या शरीरात नाही. ज्वारीच्या धाटातलं सेल्युलोज तोडणारं पाचकद्रव्य कुठलीही गाय बनवू शकत नाही. ते काम करतात तिच्या पहिल्या पोटातले, म्हणजे रुमेनमधले जिवाणू. मोठ्या गायीचं रुमेन शंभर लिटरहून अधिक मावेल एवढं असतं, आणि त्यातल्या द्रवाच्या एका थेंबात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या त्या उबदार जागेत ते वैरण आंबवतात. गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते ती त्यांच्यासाठीच: धाट जितकं बारीक होईल, तितकी त्यांना चिकटायला जागा मिळते.

या आंबवण्यातून अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच. ते रक्तातून कासेपर्यंत पोचतं आणि तिथल्या पेशी त्याचे दोन-दोन कार्बनचे तुकडे एकापुढे एक जोडत मेदाम्लांच्या साखळ्या तयार करतात. दुधातला सुमारे निम्मा स्निग्धांश असा कासेतच घडतो. उरलेला रक्तातून आयता येतो. पुरणपोळीवर आपण जे तूप वाढतो, त्याचा मोठा हिस्सा एकेकाळी वाळकं धाट होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

प्रथिनांची गोष्ट तर त्याहून अजब आहे. वैरणीवर वाढलेले हेच जिवाणू पुढे चौथ्या पोटात वाहून जातात, आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. दुधातल्या प्रथिनांचा मोठा वाटा या जिवाणूंच्या देहांपासून येतो. गाय आधी त्यांना पोसते आणि मग त्यांच्यावर स्वतः जगते.

आणि दूध किती निघणार हे ठरवते साखर. रुमेनमध्ये तयार होणाऱ्या आणखी एका आम्लापासून, प्रोपिओनिकपासून, गायीचं यकृत ग्लुकोज बनवतं. कासेत त्याची दुग्धशर्करा होते आणि ती रक्तातलं पाणी स्वतःकडे ओढते, काकडीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसं. जितकी दुग्धशर्करा, तितकं पाणी, तितके लिटर. म्हणूनच कुठल्याही गायीचं दूध घ्या, त्यातल्या दुग्धशर्करेचं प्रमाण पावणेपाच टक्क्यांच्या आसपासच राहतं. बदलतात ते फॅट आणि प्रथिनं. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून साधारण चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं. वीस लिटर देणाऱ्या गायीचं गणित वाचकांनीच करून पाहावं.

आता या शरीरशास्त्राला बाजाराची झळ कशी लागते ते पाहू. लिटर वाढवायचे तर खुराक वाढवायचा: मका भरडा, सरकी पेंड, गोळी पेंड. स्टार्च जास्त गेलं की प्रोपिओनिक आम्ल वाढतं आणि दूध वाढतं. पण खुराक वाढला आणि लांब धाग्याची वैरण कमी पडली की रुमेन आंबट होतं, धाटावर जगणारे जिवाणू मागे पडतात, अ‍ॅसिटिक आम्लाचं प्रमाण घटतं. शिवाय अशा आंबट रुमेनमध्ये एक खास मेदाम्ल तयार होतं, जे कासेत जाऊन फॅट बनवण्याचं कामच मंदावतं. नगण्य वाटावं इतकंच ते असतं, तरी फॅट ३.८ वरून ३.२ वर यायला पुरतं. मग लिटर वाढले आणि दर तुटला, अशी स्थिती होते. शेतकऱ्याला वाटतं यंत्रात काहीतरी घोळ आहे. घोळ असतोही कधी कधी. वजनकाटे आणि तपासणी यंत्रांबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत आणि त्यांची तपासणी वेळोवेळी व्हायलाच हवी. पण बऱ्याचदा उत्तर गव्हाणीत असतं.

आणि गव्हाणीत कडबा असणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. ज्वारीचं क्षेत्र गेल्या काही दशकांत घटत गेलं. तिथे सोयाबीन आलं, ऊस आला. सोयाबीनच्या भुसकटावर दुभती गाय निघत नाही. उसाचं वाढं गळीत हंगामात मुबलक मिळतं म्हणून पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांत तेच पडतं, पण त्यातली ऑक्झलेट्स कॅल्शियम बांधून ठेवतात, आणि दुधावाटे रोज कॅल्शियम गमावणाऱ्या गायीला ते परवडत नाही. मक्याचं वेगळंच. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने मर्यादा आणली, त्यानंतर इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली. गायीच्या पेंडीतला मका आता मोटारीच्या टाकीशीही स्पर्धा करतो. दूध उत्पादनाच्या खर्चातला साठ-सत्तर टक्के वाटा चाऱ्या-खाद्याचा असतो, तेव्हा ही स्पर्धा गोठ्यात लगेच जाणवते.

त्यात उन्हाळा. आपण सगळ्या संकरित गायींना सरसकट जर्शी म्हणतो, पण महाराष्ट्रातल्या गोठ्यांत आज जास्त आहेत त्या होल्स्टिन फ्रिजियन रक्ताच्या गायी, काळ्या-पांढऱ्या, मूळ हॉलंड आणि उत्तर जर्मनीच्या थंड कुरणांतल्या. रुमेनमधलं आंबवणं स्वतःच उष्णता निर्माण करतं. पारा चाळिशीला गेला की आतली उष्णता बाहेर टाकणं तिला जमेनासं होतं, आणि तिच्याकडे एकच उपाय उरतो: कमी खाणं. कमी खाल्लं की लिटर घटतात, फॅट घटते आणि एसएनएफही घटतो. गाय धापा टाकत उभी असते आणि त्याच वेळी दुधाचा आकडा ८.५ खाली जातो. तिच्यावर पाणी शिंपडायला जी विहीर लागते, ती त्याच महिन्यांत तळ गाठते.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ.

दूध पुण्या-मुंबईकडे निघण्याआधी ४ अंशांवर आणलं जातं. कासेतून निघतं तेव्हा ते ३८-३९ अंशांवर असतं, जिवाणूंना अगदी मानवणारं. म्हणून गावोगाव बल्क कूलर आहेत. डेअरीत पोचल्यावर त्याचे दोन भाग होतात, आणि इथे १८७८ साली आलेलं एक यंत्र अजूनही राज्य करतं. गुस्ताफ द लाव्हाल या स्वीडिश अभियंत्याने मिनिटाला हजारो फेरे घेणारं भांडं बनवलं. त्यात दूध ओतत राहायचं. जड भाग कडेला फेकला जातो, हलकी साय मध्याकडे सरकते आणि दोन तोट्यांतून दोन वेगळे प्रवाह वाहू लागतात. आपल्या घरी पातेल्यावर साय धरायला रात्र जाते, तेच काम तिथे क्षणात होतं. दुधाच्या एका मिलिलिटरमध्ये मेदाचे अब्जावधी कण असतात, प्रत्येक कण स्वतःच्या तलम पापुद्र्यात गुंडाळलेला, आणि तो पापुद्रा बहुतांशी शाबूत ठेवून ते वेगळे होतात.

एका तोटीतून क्रीम, दुसरीतून स्किम दूध. इथून पुढे या दोघांचे बाजार वेगळे. क्रीम लोण्याकडे, तुपाकडे, आइस्क्रीमकडे जातं. स्किम दूध पावडरकडे. आधी ते निर्वात पात्रात आटवतात. दाब कमी असल्याने ते साठ-सत्तर अंशांवरच उकळतं. मग उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून त्याचे सूक्ष्म तुषार दीडशे-दोनशे अंश तापलेल्या हवेत सोडतात. तुषार खाली पोचेपर्यंत पावडर झालेली असते. एवढ्या तापलेल्या हवेत दूध करपत कसं नाही? थेंबातलं पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेतं, त्यामुळे पाणी आहे तोवर थेंब गार राहतो. अकरा-बारा लिटर स्किम दुधातून एक किलो पावडर मिळते. बंद पोत्यात ती वर्षभर टिकते. लोणी उणे अठरा-वीस अंशांवर टिकतं.

हिशेब करू. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचं शंभर किलो दूध घ्या. साडेतीन किलो स्निग्धांशातून सव्वाचार किलोच्या आसपास लोणी निघतं. साडेआठ किलो एसएनएफमधून जवळपास तितकीच पावडर. पावडर किलोमागे शंभर रुपयांनी उतरली, तर शंभर किलो दुधामागे साडेआठशे रुपये गेले: किलोला साडेआठ रुपये. लोणी किलोमागे पन्नास रुपयांनी उतरलं तर आणखी दोन रुपये. मधे वाहतूक नाही, वीज नाही, कुणाचा नफा नाही, केवळ हे दोन भाव. डेअरीने गावातला दर पस्तीसवरून सत्तावीसवर आणला, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असतं.

पण महाराष्ट्रातलं सगळं दूध काही पावडर होत नाही. पिशवीतून घरोघरी जातं, चहाला लागतं, त्याची किंमत तर उतरत नाही. मग पावडरच्या भावाने सगळ्या दुधाचा दर का ठरावा? दूध थांबत नाही म्हणून. शहरांना लागतं तेवढं गेल्यावर जे उरतं ते त्याच दिवशी कुठेतरी जिरवावं लागतं, आणि जिरवण्याची मोठी जागा म्हणजे पावडर प्लांट. त्या शेवटच्या लिटरला डेअरी जे देऊ शकते, त्याच्याकडे सगळ्या लिटरचा दर ओढला जातो, कारण पावतीवर कुठलं लिटर पिशवीत गेलं आणि कुठलं मनोऱ्यात, हे वेगळं होत नाही. पिशवीची किंमत मात्र त्या प्रमाणात खाली येत नाही. या दोहोंतल्या अंतराचा वाटा शेतकऱ्याला मिळावा असं मला ठामपणे वाटतं.

पावडरचा भाव पडतो कसा? भारतात बाहेरून येणाऱ्या पावडरवर मोठी जकात आहे, त्यामुळे परदेशी पावडर सहसा आत येत नाही. पण आपली बाहेर जाताना तिला जगाचा भाव मिळतो, आणि तो ठरवण्यात न्यूझीलंडच्या फोन्टेरा या सहकारी संस्थेने २००८मध्ये सुरू केलेल्या लिलावाचं वजन मोठं आहे. साधारण दर दोन आठवड्यांनी तो भरतो. तिथला भाव आपल्या उत्पादन खर्चाखाली गेला की निर्यात थांबते, गोदामं भरतात, डेअरीचा पैसा पोत्यांत अडकतो, आणि दहा दिवसांच्या दुधाच्या पगारात त्याचा फटका दिसतो. २०१८च्या जुलैत स्वाभिमानी शेतकरी संघटनेचं दूध बंद आंदोलन झालं, ते अशाच भरलेल्या गोदामांनंतर. सरकारला लिटरमागे २५ रुपयांची हमी द्यावी लागली. २०२०मध्ये टाळेबंदीने हॉटेलं, मिठाईची दुकानं आणि लग्नं एकदम बंद पडली, तेव्हा राज्याने रोज दहा लाख लिटर अतिरिक्त दूध विकत घेऊन त्याची पावडर करण्याची योजना आणली. २०२३मध्ये सरकारने ३४ रुपये दर ठरवला, पण वर्ष संपेपर्यंत तो अनेक ठिकाणी सत्तावीसच्या आसपास आला होता. जानेवारी २०२४पासून पाच रुपये अनुदान आलं, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सात. अनुदानासाठी जनावराच्या कानाला बिल्ला आणि बँक खात्याला आधार जोडलेलं असणं गरजेचं होतं.

कोल्हापूरच्या गोठ्यात ही झळ कमी बसते, आणि त्याचं कारण म्हैस. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो आणि मुंबईला ते हवंच असतं, त्यामुळे ते पावडरपर्यंत क्वचित पोचतं. १९६३मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या गोकुळ दूध संघाचा जम बसला तो याच दुधाच्या जोरावर. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पेल्यात काढून देतात. तिथे ना फॅटचं यंत्र, ना पावती.

म्हशीला ऋतू कळतो, हीदेखील या बाजारातली मोठी गोष्ट. दिवस आखूड होऊ लागले की ती माजावर येते आणि दहा महिन्यांनी, म्हणजे पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत विते. गायी वर्षभर वितात, पण हिरवा चारा आणि थंड हवा मिळाल्यावर त्याही जास्त देतात. त्यामुळे हिवाळा हा पुष्टकाळ आणि उन्हाळा हा कृशकाळ. नेमक्या कृशकाळात ताक, लस्सी, आइस्क्रीम यांची मागणी चढते. हा मेळ घालायचा तर हिवाळ्यातलं दूध उन्हाळ्यापर्यंत जपून ठेवायला हवं, आणि पावडर आणि लोणी ते करतात. मे महिन्यात आपण पितो त्या दुधात डिसेंबरातल्या धारेचा अंश मिसळलेला असू शकतो.

ही सोय आपल्याकडे यायला मोठी माणसं खपली आहेत. १९४०च्या दशकात मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी म्हशीच्या घट्ट दुधात स्किम पावडर आणि पाणी मिसळून टोन्ड दूध तयार करवलं. एका म्हशीचं दूध अधिक मुलांना पुरू लागलं आणि किंमतही उतरली. पण पावडर परदेशी होती. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही असं परदेशी जाणकारांचं मत होतं. आणंदमध्ये एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, आणि ऑक्टोबर १९५५मध्ये तिथला प्लांट पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. खुरोडी आणि आणंदचा दूध सहकार उभारणारे वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांना १९६३मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार एकत्र मिळाला. ज्या पावडरीमुळे आज शेतकऱ्याचा दर पडतो, तिच्यामुळेच त्याचं हिवाळ्यातलं दूध नाल्यात जात नाही, हे विसरून चालणार नाही.

या सगळ्यात सर्वांत संथ चालतं ते गायीचं घड्याळ. लिलावातला भाव पंधरवड्याने बदलतो, गावातला दुधाचा दर दहा दिवसांनी. कालवड जन्मल्यापासून पहिल्या धारेपर्यंत मात्र अडीच-तीन वर्षं जातात. गाभणकाळ नऊ महिन्यांहून थोडा अधिक. विल्यावर सुमारे दहा महिने दूध, मग दोन महिने भाकड. दर पडला म्हणून गाय बंद करून ठेवता येत नाही आणि दर चढला म्हणून नवी गाय लगेच दुभती होत नाही. मंदीत शेतकरी आधी खुराक तोडतो, मग कालवडी विकतो. त्या कालवडी ज्या वर्षी दुधावर आल्या असत्या, त्या वर्षी टंचाई होते आणि दर चढतो. चढलेला दर पाहून पुन्हा कालवडी राखल्या जातात, आणि त्या दुधावर येतात तेव्हा गोदामं पुन्हा भरू लागतात. या फेऱ्यात मधेच एखादी साथ येते. २०२२च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात दिसलेला लम्पी त्वचारोग काही महिन्यांत राज्यभर पसरला. तो गायी-बैलांना जास्त धरतो, म्हशींना क्वचित. ज्या गायी वाचल्या त्यांतल्या अनेकींचं ते वेत वाया गेलं. त्याच हिवाळ्यात गायीच्या दुधाचा दर चढला, पण आजारी गोठ्यांकडे त्या दराने विकायला दूध कमी होतं.

शेतकऱ्याच्या हातात यातलं थोडंच आहे. मुरघास हा त्यातला खात्रीचा उपाय. मक्याची कणसं चिकात असताना अख्खं ताट बारीक करून, दाबून हवाबंद भरलं की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू ते टिकवतात, आणि दीड महिन्यात वैरण तयार होते. पावसाळ्यातला हिरवेपणा एप्रिलपर्यंत पोचतो, रुमेनला लागणारी चिवट वैरणही काही प्रमाणात मिळते. कडब्याची पूर्ण भरपाई त्याने होत नाही. थोडा कडबा सोबत लागतोच.

दुसरी गोष्ट डेअऱ्यांनी आणि सरकारने करण्यासारखी आहे, आणि तिला एक फळाही पुरे. प्रत्येक संकलन केंद्रावर आजच्या दूधदराशेजारी त्या दहा दिवसांतला लोण्याचा आणि पावडरचा घाऊक भाव लिहावा. सव्वाचार किलो गुणिले लोण्याचा भाव, साडेआठ किलो गुणिले पावडरचा भाव, बेरीज करून शंभराने भागलं की किलोमागची रक्कम हाती येते. त्यातून प्रक्रियेचा आणि वाहतुकीचा खर्च वजा करायचा. तो खर्चही फळ्यावर असावा. सातवीतल्या मुलीला हे गणित येतं. भाव उतरताना दर किती दिवसांत उतरला आणि भाव चढताना किती दिवसांनी चढला, हे मग ती आपल्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवू शकेल.